‘सर, पार्ट यायचा आहे’

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की चाळीसेक किलोमीटरवर वारंगा फाटा येतो. कळमनुरी तालुक्यातले हे ठिकाण आधी फाटा आहे आणि मग गाव. तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत नागपूरजवळ बुटीबोरीला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आणि अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडकडे येणारा १६१ हे दोन रस्ते इथे एकमेकांना भेटतात. चहाची हॉटेले, पंक्चरवाले, ट्रकच्या सुट्या भागांची दुकाने, पत्र्याच्या शेडमधली गॅरेजे, एसटीची वाट पाहणारी माणसे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही फाट्यावर असते तेच इथे आहे. रस्ते रुंद झाले तशा इथून जाणाऱ्या गाड्या मात्र बदलल्या. तुळजापूरला, माहूरला किंवा नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याला निघालेल्या गाड्यांत आता मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीही दिसतात, आणि त्या सगळ्याच पुण्या-मुंबईच्या नसतात.

या गाड्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांची सोय असलेली तीन मोठी शहरे फाट्याला सारखीच लांब पडतात: छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि हैदराबाद. तिन्ही साधारण तीनशे किलोमीटरच्या आगेमागे. महागडी गाडी बंद पडायला याहून अडचणीची जागा सहज सापडणार नाही. आणि त्या गाडीच्या दुरुस्तीचा विचार करायला याहून सोयीची जागाही मिळणार नाही.

पन्नास-साठ लाखांची गाडी घेणारा माणूस सर्व्हिस सेंटरच्या नावाने बोटे मोडू लागला की ऐकणाऱ्याला हसू येते. ‘हौस केलीस, आता भोग,’ असा आपला भाव असतो. दुष्काळ, पीकविमा आणि हळदीचा भाव हे विषय असताना या तक्रारीला कोण विचारतो? तरीही ही तक्रार नीट ऐकावी असे मला वाटते. पैसे, वजन, ओळख आणि इंग्रजी हे सगळे हाताशी असलेला माणूस जर वस्तू विकत घेतल्यावर असा हतबल होत असेल, तर हे काही नसलेल्या माणसाचे काय होणार, हा प्रश्न त्या तक्रारीच्या पोटात आहे. शिवाय जी व्यवस्था आधी महागड्या गाड्यांत आली, ती आता साध्या गाडीत आणि ट्रॅक्टरमध्येही उतरू लागली आहे.

मी वकील नाही, इंजिनिअर नाही. ओळखीतले लोक इंग्रजीतली जॉब कार्डे, बिले, वॉरंटीच्या पुस्तिका ‘जरा वाचून सांगा’ म्हणून आणून देत गेले आणि त्यातून हे कागद, मग ग्राहक आयोगांचे आणि न्यायालयांचे निकाल वाचण्याची सवय लागली. त्या वाचनातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

दीडशे मर्सिडीजचा दिवस

मराठवाडा आणि महागडी गाडी हे नाते देशाच्या डोळ्यांत भरले ते ऑक्टोबर २०१० मध्ये. तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. मागास म्हणवल्या जाणाऱ्या विभागातून एवढी मागणी येते, हे दाखवून देण्याची ईर्षा त्यामागे होती. सामूहिक खरेदीमुळे किमतीत सूट मिळाली आणि स्टेट बँकेने स्वस्त दराने कर्ज दिले.

या खरेदीतला एक धडा फारसा कोणी बोलून दाखवला नाही. गाडी घेताना दीडशे माणसे एक होती, म्हणून कंपनी त्यांच्याकडे चालत आली. गाडी दुरुस्तीला नेताना मात्र प्रत्येक जण एकटाच जातो. विकत घेण्याआधी ग्राहकाकडे निवड असते. मर्सिडीज नको तर ऑडी, ऑडी नको तर बीएमडब्ल्यू. घेतल्यावर ती निवड संपते. मर्सिडीजचा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूकडे दुरुस्त होत नाही. विक्रीच्या दालनात पाणी, कॉफी आणि हार घालून फोटो होतात. सर्व्हिसच्या खिडकीशी थांबावे लागते. या फरकाचे कारण माणसांच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही, ते या निवडीच्या संपण्यात आहे.

भूगोलाची गंमत पाहा. ऑडीच्या गाड्यांची जोडणी २००७ पासून संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात होते. मर्सिडीजची जोडणी आधी पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला होते. म्हणजे गाडी जवळपास घरचीच. तरी तिच्यातला एखादा संगणकी भाग बदलायचा तर परवानगी जर्मनीतल्या सर्व्हरकडून यावी लागते.

खिडकीच्या अलीकडे आणि पलीकडे

मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली की काय होते? आधी फोनवर वेळ घ्यावी लागते. गाडी पोहोचली की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर समोर येतो. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, तोंडात ‘सर’. तो तक्रार ऐकून जॉब कार्ड तयार करतो. मालक म्हणतो, ‘खड्ड्यातून गेली की डाव्या बाजूला कुटकुट वाजते, पण रोज वाजत नाही.’ जॉब कार्डावर इंग्रजीत उतरते, ‘समोरून आवाज.’ ‘डावी बाजू’, ‘खड्डा’ आणि ‘रोज नाही’ हे तिन्ही उपयोगाचे शब्द तिथेच गळतात.

मग गाडी आत जाते. आत मालकाला प्रवेश नसतो. सुरक्षिततेचे कारण दिले जाते आणि ते अगदीच खोटे नसते. आतला तंत्रज्ञ मालकाला कधी भेटलेला नसतो. त्याच्यापुढे असते ती दोन शब्दांची नोंद. तो गाडीला संगणक जोडतो, दोषाचे सांकेतिक क्रमांक वाचतो, एक फेरी मारतो. त्या फेरीत गाडी वाजली नाही की शेरा पडतो, ‘दोष आढळला नाही.’ मालक तीनशे किलोमीटर परत येतो आणि फाट्याच्या अलीकडच्या गतिरोधकावर गाडी पुन्हा वाजते.

हा केवळ निष्काळजीपणा नाही, त्यामागे हिशेब आहे. मजुरीचे तास कंपनीच्या तक्त्यात ठरलेले असतात. एखाद्या कामाला तक्त्यात दोन तास असतील तर ते एका तासात झाले तरी बिल दोन तासांचे आणि चार तास लागले तरी दोनचेच. त्यामुळे पटकन सुटणारे काम सगळ्यांना हवे असते आणि शोधत बसावे लागणारे काम कोणालाच नको असते. अधूनमधून येणारा आवाज म्हणजे नुसताच शोध. वॉरंटीतल्या दुरुस्तीचे पैसे तर ग्राहक देत नाही, डीलर ते कंपनीकडे मागतो. दोष क्रमांक, फोटो, जुना भाग असे पुरावे देऊन दावा करावा लागतो आणि तो नाकारला गेला तर खर्च डीलरच्या अंगावर येतो. म्हणून ‘कंपनीकडून अ‍ॅप्रूव्हल यायचे आहे’ हे वाक्य नेहमी बहाणाच असते असे नाही.

‘सर, पार्ट यायचा आहे’ हे दुसरे वाक्य. महागडा आणि कमी खपाचा सुटा भाग कोणी डीलर कपाटात ठेवत नाही. त्यात पैसा अडकतो. तो मध्यवर्ती गोदामातून येतो, तिथे नसेल तर परदेशातून. आठवडा, पंधरवडा, कधी महिना. गाडी तिथे उभी, मालक इथे, आणि हप्ता ठरल्या तारखेला बँकेतून जातोच.

काम संपल्यावर आणखी एक फोन येतो. आमची सेवा कशी वाटली, दहापैकी गुण द्या. त्याआधीच अ‍ॅडव्हायझरने हळू आवाजात सांगितलेले असते, ‘सर, दहाच द्या, नऊ दिले तरी आम्हाला त्रास होतो.’ या पोरांचा पगार आणि बढती त्या गुणांवर लटकलेली असते, हेही खरे आहे. मालकाला दया येते, तो दहा देतो. कंपनीच्या दप्तरी समाधानी ग्राहकांत एकाची भर पडते आणि ‘डाव्या बाजूला कुटकुट’ कुठेच नोंदवली जात नाही.

या साऱ्यात कोणी एक खलनायक नाही. बोलतो तो गाडीला हात लावत नाही. हात लावतो तो बोलत नाही. आणि पैशाचा निर्णय घेतो तो दोघांनाही दिसत नाही. मालकाला चीड येते ती याची. समोरच्याला रागावून उपयोग नसतो, कारण त्याच्या हातात काही नसते. आणि ज्याच्या हातात असते तो समोर येत नाही.

फाट्यावरच्या शेडमध्ये मिस्त्री स्वतः ऐकतो, स्वतः खाली सरकतो, स्वतःच पैसे सांगतो. काम बिघडले तर दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात त्याला चारचौघांत ऐकून घ्यावे लागते. तिथे मालक ‘सर’ नसतो, ‘भाऊ’ किंवा ‘मामा’ असतो. या गॅरेजचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिथे पक्के बिल क्वचित मिळते, बसवलेला भाग असली की नकली याची खात्री नसते, आणि काम फसले तर कागद कोणताच हाती नसतो. एका ठिकाणी माणूस सापडतो पण कागद नाही. दुसऱ्या ठिकाणी कागद ढीगभर पण माणूस सापडत नाही.

स्टेपनी नसलेली गाडी

फाट्यावरच्या मिस्त्रीने ही गाडी का उघडू नये? त्याच्या पोराने इंजिन खोलायचे तर तो खोलेलही. अडचण पान्ह्याची नाही.

साधे उदाहरण टायरचे. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत स्टेपनी नसते. त्यांचे ‘रनफ्लॅट’ टायर हवा गेली तरी कडक बाजूंच्या आधारावर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, चालू शकतात. युरोपात ८० किलोमीटरमध्ये टायरचे दुकान गाठता येते, हे त्यामागचे गृहीत. वारंगा फाट्यावर हवा गेली तर ८० किलोमीटरमध्ये नांदेड गाठता येईल, नागपूर नाही. आणि नांदेडला नेमक्या त्या मापाचा रनफ्लॅट टायर दुकानात असेलच असे नाही. पंक्चरवाला अशा टायरला हात लावायला कचरतो, आणि हवा गेलेल्या अवस्थेत धावलेला टायर आतून खराब झालेला असू शकतो, म्हणून त्याचे कचरणे बरोबरही असते.

दुसरे उदाहरण बॅटरीचे. जुन्या गाडीत बॅटरी बदलायची म्हणजे दोन नट. आजच्या अनेक जर्मन गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहते. इतर भागांचे त्याहून कठीण. एखादा कंट्रोल युनिट बदलला तर तो त्या विशिष्ट गाडीच्या चासी क्रमांकाशी जुळवावा लागतो. हे काम मर्सिडीजसाठी ‘झेंट्री’, बीएमडब्ल्यूसाठी ‘इस्टा’, ऑडी-फोक्सवॅगनसाठी ‘ओडिस’ या प्रणालींवर होते, आणि त्यांतली महत्त्वाची कामे कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असल्याशिवाय होत नाहीत. नवा भाग असली असो, पूर्ण पैसे मोजून आणलेला असो, गाडी त्याला ओळखायलाच तयार नसते.

या कुलुपाच्या बाजूने सांगण्यासारखेही काही आहे. चोरीच्या गाडीचे भाग काढून दुसऱ्या गाडीला लावणे त्यामुळे अवघड होते. एअरबॅग, ब्रेक यांच्या संगणकाशी अर्धवट माहितीवर खेळणे जिवावर बेतू शकते. प्रश्न कुलूप असावे का, हा नाही. त्याची किल्ली फक्त कुलूप विकणाऱ्याकडेच का असावी, हा आहे.

जुन्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न जास्त बोचतो. आपल्याकडे आता दहा वर्षांची जर्मन गाडी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी हौसेने अशी गाडी घेणारे तरुण कमी नाहीत. पण गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पाच-सहा लाखांना घेतलेल्या गाडीला साठ लाखांच्या गाडीचाच गिअरबॉक्स लागतो. वॉरंटी संपलेली असते आणि किल्ली अजून कंपनीकडेच असते.

स्पर्धा आयोगाने काय म्हटले

हा प्रश्न देशात अधिकृतपणे तपासला गेला आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तीन गाडी कंपन्यांविरुद्ध माहिती दाखल केली. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळत नाहीत, ती फक्त अधिकृत डीलरांनाच दिली जातात, ही तक्रार. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मारुती, टाटा, महिंद्रा, टोयोटा होत्या तशा मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, स्कोडा आणि फोक्सवॅगनही होत्या.

दंडाच्या आकड्यापेक्षा आयोगाचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. गाडी विकण्याचा बाजार वेगळा आणि विकल्यानंतर तिच्या सुट्या भागांचा व दुरुस्तीचा बाजार वेगळा, असे आयोगाने धरले. पहिल्या बाजारात कंपन्या एकमेकांशी झगडतात. दुसऱ्यात प्रत्येक कंपनी आपल्या गाडीपुरती एकटीच राजा असते. त्या जागेचा वापर करून स्वतंत्र गॅरेजांना भाग व साधने नाकारणे, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणे, हे स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करावीत, असा आदेश झाला. प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तिथे आलेल्या कंपन्यांविरुद्धचे निष्कर्ष उचलून धरले, दंड मात्र कमी केला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये गाड्यांसाठी ‘दुरुस्तीचा हक्क’ कायद्यात आणला. डीलरला जी माहिती मिळते ती स्वतंत्र गॅरेजालाही वाजवी किमतीत मिळावी, हे त्याचे सार. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. मोटारगाड्या आणि शेतीची अवजारे ही त्यातली दोन क्षेत्रे आहेत. पण संकेतस्थळावर माहिती टाकणे आणि मिस्त्रीच्या हातात किल्ली देणे यांत अंतर आहे.

डीलर वेगळा, कंपनी वेगळी

वैतागलेला मालक शेवटी म्हणतो, ‘डीलरचे जाऊ द्या, मी थेट कंपनीला ओढतो.’ इथे कायद्याची एक खाच आहे.

गोव्यातील एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल समजून गाडी घेतली. हाती आलेली गाडी २००९ ची निघाली आणि ती ६२२ किलोमीटर चाललेली होती. गोव्याच्या जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरले गेले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की कंपनी आणि डीलर यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती असा विशिष्ट आरोप आणि पुरावा नसेल, तर कंपनीला जबाबदार धरता येणार नाही.

म्हणजे फलक कंपनीचा, रंग कंपनीचा, गणवेश कंपनीचा, दर कंपनीच्या तक्त्याचे. पण चूक डीलरची. ग्राहक फलकावरच्या नावाकडे पाहून पैसे मोजतो आणि भांडताना त्याला कळते की ते नाव दुसऱ्याचे आहे. म्हणून तक्रारीत कंपनीलाही पक्षकार करायचे असेल तर तिला वेळोवेळी लेखी कळवलेले असणे फार मोलाचे ठरते. ‘आम्हाला ठाऊकच नव्हते’ हे म्हणायला मग जागा राहत नाही.

हिंगोलीचा दरवाजा

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा प्रश्न तेल, साखर, वजनमाप यांचे होते. १९८६ च्या कायद्यामागे अशा चळवळींचे बळ होते. तो जाऊन आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे, २० जुलै २०२० पासून. त्यात एक तरतूद वारंगा फाट्यासारख्या गावासाठीच लिहिली असावी असे वाटते. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात त्याला तक्रार करता येते. गाडी नागपूरला बिघडवली असेल किंवा हैदराबादला, कळमनुरी तालुक्यातला माणूस हिंगोलीच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. गाडीसाठी मालकाला तीनशे किलोमीटर जावे लागले. उत्तर द्यायला आता त्यांना यावे लागते.

सेवेचा वाद असेल तर सेवेसाठी मोजलेली रक्कम पाहिली जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. गाडीचीच किंमत परत मागायची तर गाडीसाठी मोजलेले पैसे धरले जातात: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, पुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. गाडी जितकी महाग तितका न्यायाचा दरवाजा लांब.

दरवाजातून आत गेल्यावरची वाट सोपी नाही. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने, अशी मुदत लिहिली आहे. एका मर्सिडीजची गोष्ट पाहा. मधल्या भागात गाडी असह्य तापते ही तक्रार. राष्ट्रीय आयोगाचा आदेश २००७ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९ जुलै २०२४ चा. सतरा वर्षे. त्या निकालाने एक चांगली गोष्ट स्पष्ट केली. गाडी कंपनीच्या नावावर घेतली पण वापर संचालकाचा असेल, तर केवळ तेवढ्याने ती खरेदी ‘व्यापारी हेतूची’ ठरत नाही. आपल्याकडचे कंत्राटदार आणि अडते अनेकदा फर्मच्या नावावर गाडी घेतात, त्यांना हे ठाऊक असावे. दुसरीकडे, २००६ च्या मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की वॉरंटीत दोषी भाग बदलून देणे एवढेच मान्य केलेले असेल, तर सरसकट पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत ‘लेमन लॉ’ आहेत, पहिला कनेक्टिकटचा, १९८२ चा. ठरावीक वेळा दुरुस्त करूनही दोष गेला नाही तर गाडी परत घ्यावी लागते. तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

म्हणून सारी भिस्त कागदावर येते. वाचलेल्या निकालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जो ग्राहक जिंकतो त्याच्याकडे राग कमी आणि जॉब कार्डे जास्त असतात. आपली तक्रार आपल्या शब्दांत, हवी तर मराठीत, जॉब कार्डावर लिहायला लावावी आणि प्रत घ्यावी. ‘डाव्या बाजूला, खड्ड्यातून जाताना, रोज नाही’ हे सगळे त्यात यावे. तोच दोष पाच वेळा दाखवला असेल तर पाच कागद हवेत. चार वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आणि पाचव्या वेळी बदललेला भाग, यापेक्षा बोलका पुरावा नाही. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा. बदललेला जुना भाग पाहायला मागावा. आवाजाचा, दिव्याचा व्हिडिओ तारखेसह ठेवावा. फोनवरच्या बोलण्यानंतर तेच बोलणे ई-मेलने डीलर आणि कंपनी दोघांना पाठवावे. आयोगाआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. गुण मागणारा फोन आला तर खरे गुण द्यावेत; अ‍ॅडव्हायझरवर दया म्हणून खोटे दहा देणे म्हणजे त्याच्या वरच्यांना मोकळे सोडणे आहे.

पाळी कोणाची

हे सगळे महागड्या गाडीपुरते राहिले असते तर कदाचित मीही इतके कागद वाचले नसते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे निकष आले. प्रदूषण कमी व्हावे म्हणून ते हवेच होते. त्यांच्यासोबत साध्या गाडीत, अगदी दुचाकीतही सेन्सर आणि कंट्रोल युनिट आले. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन निकष लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांतही डिझेलचा पुरवठा संगणक ठरवू लागला.

मर्सिडीज पंधरा दिवस उभी राहिली तर मालक दुसऱ्या गाडीने फिरतो. हळद काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टर पंधरा दिवस उभा राहिला तर काय होते, हे हिंगोली जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. आणि फाट्यावरच्या शेडमधला मिस्त्री, ज्याने तीस वर्षे आवाजावरून दोष ओळखला, तो ‘याला कंपनीतच न्या, भाऊ’ असे म्हणू लागतो, तेव्हा एका माणसाची रोजी जाते आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांची सोयही जाते. त्याच्या पोराला शिकायचे नाही असे नाही. माहितीपुस्तिका, संगणकी साधन आणि असली भाग वाजवी किमतीत मिळाले तर तो शिकेल. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सांगितले ते याहून वेगळे नव्हते.

महागड्या गाडीच्या मालकांकडे यासाठी भांडायला लागणारा वेळ, पैसा आणि ओळख आहे. दीडशे जण गाडी घ्यायला एकत्र आले होते. दुरुस्तीच्या हक्कासाठी तसेच दीडशे जण एकत्र आले, तर त्याचा फायदा ट्रॅक्टरवाल्यालाही होईल आणि फाट्यावरच्या मिस्त्रीलाही.